आधी नाक्षत्रकाल, मग मोबाइल

आकाशदर्शनाला जमलेली मंडळी हल्ली आधी मोबाइल वर धरतात. ॲप ताऱ्याचं नाव सांगतं, काम भागतं. पण त्या उजेडाने दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात. शिवाय ‘दोन तासांनी माथ्यावर काय येईल?’ असं विचारलं, की पुन्हा मोबाइलच. नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेली वेळ, काढता येणारा निरीक्षक हे उत्तर उभ्या उभ्या देतो.

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. म्हणून तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास. २२ सप्टेंबरच्या स्थानिक मध्यरात्री नाक्षत्रकाल जवळजवळ शून्य असतो. तिथून दर महिन्याला दोन तास मिळवत जायचं. एक दुरुस्ती मात्र हवी. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात. तेव्हा मुंबईकराने ३९, पुणेकराने ३५ आणि नागपूरकराने १४ मिनिटं वजा करायची.

समजा, पुण्यात २२ जानेवारीला रात्रीचे नऊ वाजलेत. चार महिन्यांचे आठ तास. मध्यरात्रीला तीन तास कमी, म्हणून पाच. त्यातून ३५ मिनिटं गेली, उरले ४ तास २५ मिनिटं. ज्या ताऱ्याचे विषुवांश (आकाशातला पूर्व-पश्चिम निर्देशांक) नाक्षत्रकालाइतके, तो त्या क्षणी याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असतो. रोहिणीचे विषुवांश ४ तास ३६ मिनिटं. म्हणजे दहा-अकरा मिनिटांत ती याम्योत्तर वृत्तावर, थेट माथ्याजवळ. व्याधाचे विषुवांश ६ तास ४५ मिनिटं. तो तिथे पोचेल ११ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. झालं गणित!

लग्न मांडणारा ज्योतिषी याच नाक्षत्रकालावर काम करतो. अनेक पंचांगांत तो ‘सांपातिक काल’ म्हणून छापलेलाही असतो. पत्रिकेसाठी जी आकडेमोड सुखेनैव चालते, ती दुर्बिणीसाठी किचकट वाटावी, हे खगोलप्रेमींना शोभत नाही.

हौशी मंडळांनी कार्यक्रमपत्रिकेवर जमण्याच्या वेळेशेजारी नाक्षत्रकालही छापावा. कुणाकडे लंबकाचं जुनं घड्याळ असेल तर फारच उत्तम: मीटरभर लांबीचा लंबक साडेपाच मिलिमीटरने आखूड केला, की घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जाऊ लागतं आणि ताऱ्यांची वेळ दाखवतं. नवख्याला दुर्बिणीला डोळा लावू देण्याआधी त्याच्याकडून ही बेरीज-वजाबाकी करून घ्यावी. उत्तर ताडून पाहायला ॲप आहेच.