बाभळीच्या बारशातले शहाणे

शाळेच्या जीवशास्त्रातून वर्गीकरण हद्दपार करा, अशी मागणी एका विद्वानांनी नुकतीच भर सभेत केली आणि टाळ्या मिळवल्या. म्हणणं थोडक्यात असं: वर्गीकरण म्हणजे पाठांतर. पाठ केलेली नावं शास्त्रज्ञच पुढे बदलतात. ओळख पटवायला आता मोबाईल आहे. शेतकऱ्याला लॅटिन लागत नाही. सबब, मुलांना ‘निसर्गाचा आनंद’ घेऊ द्या. हा आनंद नेमका कसा घेतात, हे कोणी विचारलं नाही. टाळ्या चालू होत्या.

पाठांतराचं म्हणाल तर सनावळ्याही घोकून घेतात, म्हणून इतिहास कोणी बंद करत नाही. आणि समोरचा साप मण्यार आहे की कवड्या, हे ज्याला मोबाईलवर विसंबून ठरवायचं आहे त्याला आमच्या शुभेच्छा.

खरी गंमत नावं बदलण्याची. वक्त्यांनी उदाहरण दिलं बाभळीचं, आणि तिथेच फसले. लिनियसने 1753 साली बाभळीला लाजाळूच्या वंशात, मिमोसात, घातलं. पुढे ती अकेशिया झाली. आमच्या पिढीने अकेशिया निलोटिका हेच घोकलं. आता ती वॅचेलिया निलोटिका. ‘2005 साली व्हिएन्नाच्या परिषदेत मतदान घेऊन म्हणे शास्त्र ठरवलं!’ यावर सभा खो खो हसली. मतदान कशावर झालं, हे आधी वाचायला काय हरकत होती? अकेशिया या नावाखाली कोंबलेली सगळी झाडं एका वंशातली नाहीत, हे पुराव्याने आधीच दिसलं होतं. त्यावर मतदान झालंच नाही. घर फुटलेलंच होतं; घराण्याचं नाव कोणी लावायचं, एवढाच प्रश्न पंचांपुढे होता. ऑस्ट्रेलियातल्या जाती सुमारे 1,000, म्हणून नाव तिकडे गेलं. 2011 साली मेलबर्नला पुन्हा भांडण झालं, निकाल कायम राहिला. निकाल मलाही रुचलेला नाही. जी बाभूळ या वंशाचा नमुना मानली जायची, तिलाच घराबाहेर काढलं. पण नाव गेलं म्हणून नातं खोटं ठरत नाही.

नातं बघायचं तर सभेतून उठून बांधावर जावं लागतं. बाभळीच्या पेरापाशी लांब, सरळ, पांढरट काट्यांची जोडी. फूल म्हणजे पिवळा गोंडा. खैराचे काटे आखूड आणि बाकदार, सदऱ्यात अडकले की सदरा फाडूनच सुटणारे. फुलं लांबट कणसात. खैर आता सेनेगालिया. आणि कोकणात रस्तोरस्ती लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ? तिला काटाच नाही, आणि पान म्हणून दिसतो तो पानाचा चपटा झालेला देठ. अकेशिया राहिली ती हीच. ‘झाड ते झाड, हिरवं दिसल्याशी कारण’ असं म्हणत ती सड्यांवर लावली, तेव्हाही असाच वाद झाला होता आणि तेव्हाही आम्हालाच पुस्तकी ठरवलं होतं. सड्यावरचं गवत आणि पावसाळी फुलं उन्हावर जगतात, या झाडाच्या सावलीत ती टिकणार कशी, याचं उत्तर अजून आलेलं नाही. असो.

शेतकऱ्याला लॅटिन लागत नाही, कबूल. पण बाभूळ आणि वेडी बाभूळ यांत तो कधी गफलत करत नाही. म्हणजे वर्गीकरण तोही करतोच.

मग शिकवायचं कसं? या झाडांच्या फांद्या पोरांच्या हातात द्या. बाभूळ आणि खैर पाहून ती नियम करतील: गोंडा तिथे काटा सरळ, कणीस तिथे बाकदार. मग अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ पुढे ठेवा. काटा सरळ, फुलं मात्र कणसात. नियम मोडला, आता नवा शोधा. परिकल्पना, निरीक्षण, खंडन हे शब्द फळ्यावर लिहायचेच असतील तर त्यानंतर लिहा.

आणि पेपर तपासणाऱ्यांना एक विनंती. नाव चुकलं तर अर्धा गुण खुशाल कापा, पण ‘असं का वाटलं’ हे मुलाने लिहिलं असेल, तर तो अर्धा गुण परत द्या.