तरुणांच्या हाती तलवार, की परवान्याचा अर्ज ?

वाढदिवसाचा केक तलवारीने कापावा व हाती कोयता धरून छायाचित्र काढावे, ही खुळी चाल महाराष्ट्रभर पसरली आहे. नांदगाव-मनमाडकडील आपल्या पालकांनी तिचा कायदेशीर परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये संमत झाला. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी केलेली वस्तू त्यात शस्त्र गणली जात नाही. लाठीचे उदाहरण कायद्यानेच दिले आहे. ऊसतोडणी कामगाराचा कोयता हे अवजार होय. परंतु तोच कोयता रात्री कमरेला खोचून स्टँडवर फिरणाऱ्या तरुणाने 'हे शेतीचे हत्यार आहे' असे सांगितल्यास कोणते न्यायालय मान्य करील ? तलवारीला तर ही सबब मुळीच नाही. मनमाडच्या गुरुद्वारात येणाऱ्या शीख बांधवांच्या कृपाणास घटनेच्या 25 व्या अनुच्छेदाचा आधार आहे, तसा आपल्या तलवारीस नाही. कलम 4 व 25 खाली किमान एक व कमाल तीन वर्षे कारावास होऊ शकतो. विनापरवाना बंदुकीस 2019 च्या दुरुस्तीपासून किमान दोन व कमाल पाच वर्षे. अठरा वर्षांखालील मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. त्याहून मोठा मात्र सरळ फौजदारी न्यायालयात. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत हाच गुन्हा आडवा येतो.

यावर तरुण विचारतात, "मग गावगुंडांपुढे आम्ही निःशस्त्र राहावे काय ?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याविना बंदूक बाळगता येत नाही. 1983 पूर्वी ही मर्यादा सोळा वर्षांची होती. पुढे मात्र अर्ज करण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारू नये, असे कलम 14 स्पष्ट बजावते. भूमिहीन बापाच्या मुलाने हे वाक्य पाठच करावे ! नकार द्यावयाचा झाल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नमूद केली पाहिजेत आणि त्यावर कलम 18 अन्वये अपील करता येते.

याहून महत्त्वाचा आहे अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 यातील तिसरा नियम. ज्या भागात अत्याचाराचा संभव आहे तेथे इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस परवाने द्यावेत, असे तो सांगतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. तेव्हा धर्मांतर केले म्हणून हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर वस्तीत दहा बंदुका येण्यापेक्षा धमकावणाऱ्याची एक बंदूक शस्त्रागारात जाणे मला अधिक मोलाचे वाटते. घरातील बंदूक अखेर घरातल्याच रागाच्या हाती लागते. म्हणून नियमातील पहिला भाग आधी मागावा. दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावयास हवी, आणि तिचे अध्यक्ष जिल्हादंडाधिकारीच असतात. तालुक्यात किती परवाने आहेत, त्यांपैकी किती शस्त्रे जमा करून घेतली, हे त्यांना तेथे लेखी विचारावे व उत्तरही लेखीच मागावे.