बोंड फोडून दाखवणारा माणूस



कृषीची पदवी घेऊन मी गावात आलो तेव्हा गुलाबी बोंडअळीचे चित्र मला डोळे मिटून काढता येत होते. परीक्षेत काढलेही होते. शेतात मात्र ती पहिल्यांदा दाखवली एका म्हाताऱ्या सालदाराने. "सायेब, वरून काय पायता? बोंड फोडा," म्हणाला. वरून हिरवेगार बोंड, आत अळी सरकी खात बसलेली. मग त्याने गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले दाखवली. डोमकळी हा शब्द मला पुस्तकातून ठाऊक होता. भर पऱ्हाटीत ती हुडकायची कशी, हे त्याच्याकडून कळले.

बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे बियाणे २००६ साली आले. पुढे काही वर्षे ही अळी फारशी दिसेना. त्या काळात ज्या पोरांनी शेती हाती घेतली त्यांना डोमकळी कोण दाखवणार? अळी बीटीला पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात बोंडे किडली, तेव्हा जाणती माणसे धुऱ्यावर बसून होती आणि पोरे कृषी केंद्राच्या काउंटरवर उभी होती.

दुकानदाराला मी शिव्या देणार नाही. पेरणीच्या तोंडावर बँक दारात उभे करत नाही तेव्हा उधारी तोच देतो. पण ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्यालाच सल्ला विचारायचा, तर "या आठवड्यात फवारू नको" हे त्याच्या तोंडून कसे निघावे? ज्वारीच्या बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळले की दाणे काणीला आळा बसतो, हे तो आपण होऊन सांगत नाही. त्यात त्याला सुटते काय?

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी पऱ्हाटी, दोन-तीन औषधे एकाच पंपात, तोंडाला धड फडके नाही. सरकारला आपण जाब विचारला, तो विचारायलाच हवा होता. पण पाठीवर पंप घेणाऱ्याला शिकवणे हे आपलेही काम आहे, असे आपल्यातल्या किती मालकांना वाटले? गावात शिकवणे चालते ते नात्यात. बाप लेकाला शिकवतो, मामा भाच्याला. चाड्यावर मूठ कशी सोडायची हे सासू सुनेला तिफणीमागे चालता चालता शिकवते. सालदाराच्या पोराला कोणी हाताशी धरत नाही, आणि पंप त्याच्याच पाठीवर असतो.

शरद जोशींच्या 'रास्त भाव' या एककलमी कार्यक्रमात वाढलेले आमचे जुने सहकारी म्हणतील, पिकवायला शिकवून काय उपयोग? जास्त पिकले की भाव पडतो. बरोबर आहे. मी क्विंटल वाढवायचे बोलतच नाही. बिनकामाची फवारणी टळली तर तो पैसा घरात राहतो आणि एक माणूस विषाच्या फवाऱ्यातून वाचतो, एवढेच म्हणतो. कृषी खात्याच्या शेतीशाळा होतात, जरूर जावे. पण अळी काही शाळेचे वेळापत्रक पाहून येत नाही.

म्हणून गावोगावच्या शाखांनी दोन-तीन जाणती माणसे निवडावीत, बाया धरून. प्रत्येकाकडे दोन शिकाऊ. त्यातला एक घरचा-नात्यातला नसावा, फवारणारा मजूर असला तर उत्तम. पऱ्हाटी फुलावर आली की एकरी दोन कामगंध सापळे लावायचे आणि दर आठवड्याला एकरात हिंडून २० हिरवी बोंडे फोडायची. दोन बोंडांत अळी निघाली, किंवा सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार. त्याआधी दुकानाची पायरी चढायची नाही. जाणत्याची त्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर मालक शिकाऊंनी ती वाटून द्यावी. शिकवणारा किंवा शिकणारा सालदार असेल तर मालकाने खाडा धरू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला तालुका प्रतिनिधींनी या जोड्यांची नावे लिहून आणावीत. यादीत नुसते बापलेक दिसले तर ती मी परत पाठवीन.