चाकांवरची इस्टेट

'इस्टेट' हा शब्द मराठीत आला तो वाटणीपत्रे, मृत्युपत्रे आणि भाऊबंदकी यांना सोबत घेऊनच. जमीनजुमला, वाडा, दागदागिने यांच्यापलीकडे तो कोणी वापरत नसे. त्यामुळे 1992 साली टेल्कोने पुण्यात तयार केलेली एक लांबट, मागे सरळ छपराची मोटार 'टाटा इस्टेट' या नावाने बाजारात आणली तेव्हा पुष्कळांना गंमत वाटली. विलायतेत स्टेशन वॅगनला 'इस्टेट' म्हणतात, हे इथे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. गिऱ्हाइकाला मोटार हवी होती ती मागे वेगळी डिकी असलेली. डिकी म्हणजे प्रतिष्ठा. बसायची जागा आणि सामानाची जागा एकाच छपराखाली आली की लोक त्याला टेम्पो समजत. 2000 सालाच्या आसपास ही गाडी बनणे थांबले.

2001 साली बँकेच्या कर्मचारी कर्जातून मी जुन्या बाजारातली 1995ची इस्टेट घेतली. ती अजून चालते आहे. मागच्या पाव शतकात तिच्यातून रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या आल्या, धाकट्या बहिणीच्या लग्नाची भांडी गेली, आणि शेवटची सहा वर्षे आईची चाकांची खुर्ची न दुमडता मागच्या दारातून आत जात असे. नव्या मोटारींपैकी ज्या आम्हाला परवडतात त्यांच्यात ती खुर्ची मावत नाही, हे शोरूममध्ये टेप लावून पाहिलेले आहे.

अशी गाडी ठेवावी की मोडीत काढावी? सारा जन्म खतावण्यांत गेलेल्या माणसाला हा प्रश्न आधी आकड्यांतच पडतो. प्राप्तिकराच्या नियमांत मोटारीला वर्षाला 15 टक्के घसारा धरतात, तोही घटत्या बाकीवर. शंभर रुपयांची मोटार या हिशेबाने तीस वर्षांनी 76 पैशांची उरते. विमा कंपनीचे कोष्टक आणखी मजेचे. दुरुस्तीच्या दाव्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांना 50 टक्के घसारा. गाडी दहा वर्षांची उलटली की पत्र्यालाही 50 टक्के. काचेला मात्र शून्य. काच म्हातारी होत नाही, असे विमाशास्त्राचे मत दिसते.

हे आकडे खोटे नाहीत. पण ती विकणाऱ्याची किंमत आहे. वापरणाऱ्याची किंमत काढायची तर क्लचप्लेट बसवून पुढची किती वर्षे मिळतात आणि तेवढ्याच वर्षांत नव्या गाडीचे व्याज किती भरावे लागते, ते शेजारी शेजारी मांडावे लागते. आमच्याकडे गाडीची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणी बदलले, किती पैसे. ती चाळली तर दिसते की नव्या गाडीच्या पहिल्या दोन वर्षांच्या हप्त्यांत आमची दहा वर्षांची दुरुस्ती निघाली असती.

अर्थात पैसे कुठे घालायचे याचा क्रम ठरलेला हवा, आणि नेमका तिथेच बहुतेक जुन्या गाड्यांचा घात होतो. मालक पहिले पैसे रंगावर घालतो, कारण रंग शेजाऱ्याला दिसतो. क्रम असा हवा: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग पाण्याचे आणि डिझेलचे पाइप, मग इंजिन, मग गंज, आणि पैसे उरलेच तर रंग. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी ते बदलायचे. टायरवरची नक्षी शाबूत म्हणून टायर चांगला असे नव्हे. त्याच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. निवृत्तांच्या गाड्या कमी फिरतात, टायर झिजण्याआधी वाळतात. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतणाऱ्याच्या घरची किटली आतून पाहावी: पांढरा थर दिसतो ना, तोच इंजिनात बसतो.

स्टेशन वॅगनचे एक खास दुखणे आहे, ते फारसे कोणाला माहीत नसते. गाडी पळत असताना तिच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. मागच्या दाराचे रबर वाळून चिरलेले असले की तो आत ओढला जातो. लांब सामान नेताना दार अर्धवट उघडे बांधून ठेवणारे तर हा धूर स्वतःहून घरात बोलावतात. डिझेलच्या धुराला निदान वास तरी असतो. पेट्रोल गाडीतल्या कार्बन मोनॉक्साइडला तोही नाही, आणि मागच्या सीटवर झोपलेली मुले झोपलेलीच वाटतात. हे रबर काही शे रुपयांचे. पण त्याचा आवाज होत नाही, म्हणून कोणी बदलत नाही. त्याच दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायची भोके असतात. ती मातीने बुजली की पत्रा आतून कुजतो. पावसाळ्याआधी सायकलच्या स्पोकने ती मोकळी करायची, एवढे साधे काम.

सुटे भाग मिळतात का, असे जो तो विचारतो. गाडी जगते ती भावंडांच्या जिवावर. इस्टेटचे 1948 सीसीचे डिझेल इंजिन टाटामोबाइल, सिएरा आणि पहिल्या सुमो यांच्यातही होते. त्या गाड्या गावोगाव भाजी, शाळकरी मुले आणि वऱ्हाडे वाहून गेल्या, म्हणून इंजिनाचे भाग नाना पेठेत आजही निघतात. ज्यात भावंड नाही ते दुर्मिळ: मागचे दिवे, मागच्या बाजूच्या काचा, दाराचे आतले अस्तर.

आता सरकारचे. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर 2010पासून पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याचे शुल्क 2022 साली सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी ऑगस्ट 2025मध्ये दहा हजार ठरले. मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत. जुने डिझेल इंजिन धूर सोडते हे मान्यच केले पाहिजे. देशात भारत टप्पा एकचे मानक आले 2000 साली, टप्पा सहा आले एप्रिल 2020मध्ये. 1995च्या इंजिनाचे नोझल कितीही निगुतीने साफ केले तरी ते नव्याच्या पंक्तीला बसणार नाही. शहरात रोज कचेरीला अशी गाडी नेऊ नये. आम्ही नेत नाही. तिने जादा कर भरावा, यालाही माझी हरकत नाही.

हरकत आहे ती तपासणीला. दहा हजार रुपये नीट राखलेल्या गाडीलाही तेवढेच आणि ब्रेक न लागणाऱ्या गाडीलाही तेवढेच. कर्ज देताना दुकान किती वर्षांचे यावर आम्ही थांबत नसू, गोदामात जाऊन माल मोजत असू. तशी यंत्रावर ब्रेक मोजणारी, धूर मोजणारी, खालून पत्रा ठोकून पाहणारी तपासणी प्रत्येक खासगी गाडीला करा. तिचे पैसे घ्या. नापास झाली तर खुशाल मोडा. दारूच्या दुकानाशेजारच्या टपरीवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या पीयूसीने हे काम होत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर 2022मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक पोर्टल सुरू केले. त्यात मोटारीही आहेत. चांगलेच आहे. पण दुरुस्तीची पुस्तके आणि सुट्या भागांचे क्रमांक गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचले नाहीत तर तो हक्क पोर्टलवरच राहील. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये मला 'हे मॉडेल सिस्टीममध्ये नाही, साहेब' असे सांगून परत पाठवले होते. आमच्या मिस्त्रींना सिस्टीम लागत नाही. ते बॉनेट उघडायच्या आधी इंजिनावर लाकडी दांडा टेकवून कान लावतात. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, आणि हाताखालची पोरे कॉम्प्युटरने दाखवलेला भाग बदलायला शिकली आहेत.

आमच्या गाडीचे पुढचे पासिंग 2030 साली. तेव्हा मिस्त्री सत्तरीत असतील. 'साहेब, मागच्या दिव्याचे दोन नग आत्ताच बघून ठेवा,' असे त्यांनी बजावले आहे. मोडीच्या बाजारात एक मिळाला, उजवीकडचा. डावा शोधतो आहे.