मुलांचे हात कोणी बांधले?

‘आमच्या मुलाला आम्ही घरात इकडची काडी तिकडे करू देत नाही.’ हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने उच्चारलं जातं आणि ऐकणारेही कौतुकाने मान डोलावतात. माझा आरोप याच अभिमानावर आहे. ज्या साध्यासुध्या कामांतून तीन-चार वर्षांच्या मुलाचे हात, जीभ आणि बुद्धी वाढते, ती कामं त्याच्यापासून हिरावून घेणं याला लाड म्हणत नाहीत. तो अन्याय आहे, आणि तो करण्यात शिकलेसवरलेले लोक सर्वांत पुढे आहेत.

मटार सोलायला बसलेल्या चार वर्षांच्या मुलीकडे एकदा नीट पाहा. ती शेंग दोन्ही हातांत धरते, अंगठ्याने शिवण दाबते. शेंग उघडत नाही. पुन्हा दाबते, दात लावून पाहते, आणि उघडली की आतले दाणे मोजते. एका शेंगेत सात, दुसरीत तीनच. ‘हिच्यात कमी का गं आजी?’ एक दाणा ओट्याखाली घरंगळतो, त्याच्यामागे रांगत जाते. किडका दाणा बाजूला काढते. टरफलं ताटात, दाणे पातेल्यात. एवढ्यात बोटांची चिमटी बळकट होते, हात आणि डोळा यांचा मेळ बसतो, कमी-जास्त कळतं, निवडानिवड जमते, धीर धरता येतो, आणि आजीशी चाललेल्या गप्पांतून भाषा वाढते ती वेगळीच. याची फी किती? काहीच नाही. म्हणूनच बहुधा आपल्याला याची किंमत वाटत नाही.

किंमत वाटते ती चाररेघी वहीची. मनगटातली आठही हाडं जन्मतः कूर्चेची असतात; चौथ्या वर्षापर्यंत त्यांतली जेमतेम निम्मी टणक होऊ लागलेली असतात. त्या मनगटाकडून आपण पानंच्या पानं गिरवून घेतो, आणि ‘शेजारच्याचा शंभरपर्यंत लिहितो’ म्हणून मुलावर डोळे वटारतो. शाळकरी मुलांवरचं अभ्यासाचं ओझं तपासणाऱ्या यशपाल समितीने 1993 साली बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा असं बजावलं होतं. आपण त्या मुलाखतींची तयारी करून घेणाऱ्या शिकवण्या शोधल्या.

गंमत नव्हे, खेद असा की या बालवाड्यांच्या पाटीवर नाव असतं माँटेसरीचं. 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं, तेव्हा तिथली मुलं हात धुणं, बटणं लावणं, झाडणं, पाणी ओतणं अशी रोजची कामं करत शिकली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच मातीत रुजवलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. मग शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मोजणं आणि रचणं. त्या अंगणवाडीचं नाव देशाने घेतलं. तिच्यातला विचार मात्र पोषण आहाराच्या आणि नोंदींच्या रजिस्टरांखाली दबला, आणि ती चालवणाऱ्या सेविकेला अजून पगार नाही, मानधन आहे.

हे सगळं वेळ नाही म्हणून घडतं, असं पालक सांगतात. मला ते पटत नाही. मुलाला मोबाइल देऊन बसवायला वेळ लागत नाही हे खरं. पण दोन ते चार वर्षांच्या मुलासमोर दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको आणि त्याची किमान 180 मिनिटं हालचालीत जावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितलंय. ती हालचाल कुठे व्हायची? सोसायटीच्या भिंतीवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी, आणि घरात प्रत्येक वस्तूला ‘हात लावू नकोस’.

खरं कारण खोल आहे. शतकानुशतकं आपण कष्टाची कामं खालच्या ठरवलेल्या जातींवर आणि घरातल्या बायकांवर टाकली, आणि ज्याला काम करावं लागत नाही तो मोठा, असा हिशेब मांडला. जोतीराव फुल्यांनी त्यावर आसूड ओढला. गाडगेबाबा आयुष्यभर खराटा घेऊन गावं झाडत फिरले. त्यांच्या नावाने आपण अभियानं काढतो, आणि आपल्या पोराने केरसुणी उचलली की ओरडतो, ‘ठेव खाली, घाण आहे ती!’ मूल केर काढायला शिकत नाहीच. कोणाच्या हातात केरसुणी शोभते, हे मात्र तिसऱ्या वर्षीच शिकतं.

मुलांना मजुरीला जुंपा, असं मी म्हणत नाही. काम मुलाच्या बेताचं हवं आणि कंटाळा आला की सोडून देता यायला हवं. याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन जिन्यात बसलेली असते. तिला तो खाली ठेवण्याची मुभा नाही. घरातल्या मुलीला सहाव्या वर्षी लाटणं मिळतं, तिच्या भावाला ताट वाढून मिळतं. एका मुलाचं बालपण कामाने चिरडायचं आणि दुसऱ्याचं ऐदीपणाने वाया घालवायचं, याला आपण संस्कार म्हणतो.

हे बदलायला शासनाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मुलाला ओट्याजवळ येऊ द्या. पाणी सांडेल, सांडू द्या. पुसायचं फडकंही त्याच्याच हाती द्या. बालवाडीत ‘लिहायला कधी शिकवणार?’ असं विचारू नका, ‘आज मुलांनी हातांनी काय केलं?’ असं विचारा. सोसायटीच्या सभेत उभं राहून ती मनाईची पाटी काढायला लावा. आणि मुलाच्या हातात केरसुणी देताना त्याच्या बहिणीच्या हातात चेंडू द्या. एवढंही ज्या घरात होत नाही, त्या घराने समतेच्या गप्पा मारू नयेत.