अख्ख्या जनावराचं गिऱ्हाईक

अमेरिकेतल्या आयोवातली बरीच घरं वर्षाचं मांस दुकानातून आणत नाहीत. ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे गोऱ्ह्याचा पाव नाहीतर अर्धा हिस्सा वसंतातच सांगून ठेवतात, विसार देतात आणि शरद ऋतूत डीप फ्रीझर भरतात. आम्हीही तेच करतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी आहे आणि अनेक वाचकांच्या घरी हा विषय निघतही नाही, याची मला जाणीव आहे. तरी लिहिते आहे, कारण हा प्रश्न आधी शेतकऱ्याचा आहे. जनावर वाढवणारा आणि खाणारा समोरासमोर आले की शेतकऱ्याला चांगला भाव मिळतो, हे खरंच. पण त्याहून मोलाचं म्हणजे त्याला अख्ख्या जनावराचं गिऱ्हाईक मिळतं.

साधारण ५९० किलोचा गोऱ्हा घ्या. कातडं, डोकं, आतडी गेली की आकड्याला टांगलेलं धड ३६० किलोंच्या आसपास भरतं. ते थंड खोलीत दहा-चौदा दिवस मुरतं, पाणी आटतं, मग हाडं आणि जादा चरबी काढली की हाती २३० किलोंच्या जवळपास मांस येतं. त्यातला चाळीस टक्के तर खिमाच. हॉटेलात ज्याला सगळ्यात चढा भाव तो टेंडरलॉइन सबंध जनावरात कसाबसा पाच किलो. थेट विकणाऱ्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं ते इथेच. शनिवारच्या बाजारात तो सुटी पाकिटं मांडतो, स्टेक दुपारच्या आत संपतात आणि खिमा, भाजायचे मोठे तुकडे, काळीज पुन्हा त्याच्याच फ्रीझरात जातं. पाव हिस्सा घेणारा हे सगळं घेतो आणि त्यातले काही पैसे आधी देतो.

भाव लागतो टांगलेल्या वजनावर. खाटकाची कापायची, बांधायची मजुरी वेगळी. नवं गिऱ्हाईक इथे हमखास अडखळतं. पैसे ९० किलोंचे दिले आणि घरी आलं ५७. जे कुटुंब हा हिशेब विसार घेण्याआधीच कागदावर मांडून दाखवतं, त्याच्याकडूनच घ्यावं. आणखी एक विचारून घ्यावं: पुढचा पाव, मागचा पाव, की मिश्र? मिश्र पावात अर्धं धड कापून त्याचे दोन सारखे वाटे करतात. हे आपल्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. आखाडात चार घरं मिळून बोकड घेतात तेव्हा प्रत्येक वाट्यात थोडं काळीज, थोडी चाप, थोडी नळी पडतेच. मला फक्त मांडीचं द्या, असं कोणी म्हणत नाही.

या व्यवहाराला कायद्याची एक विलक्षण चौकट आहे. इथे विकायच्या मांसाची सरकारी तपासणी सक्तीची आहे; १९६७च्या कायद्याने राज्यांतर्गत विक्रीही त्यात आली. स्वतःच्या जनावराचं मांस स्वतःसाठी कापून घेणाऱ्याला मात्र सूट आहे. म्हणून हिस्सा घ्यायचा तो जनावर जिवंत असतानाच. शेतकरी मांस विकत नाही, जनावराची मालकी विकतो. खाटीक प्रत्येक पाकिटावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारतो, आणि ते खायची मुभा मालकाला, त्याच्या घरच्यांना, नोकरांना आणि फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांना. मला ही अट आवडते. गोठ्यात उभ्या जनावराचे आपण मालक झालो की ते कसं वाढलं, हे विचारायचा हक्क येतो आणि जबाबदारीही.

या साखळीचा सगळ्यात अरुंद भाग म्हणजे गावचा खाटीकखाना. इथे त्याला लॉकर म्हणतात. घरोघरी फ्रीझर नव्हते तेव्हा, १९३०-४०च्या दशकांत, लोक तिथल्या शीतगृहात आपला कप्पा भाड्याने घेत. पुढे असे कितीतरी लॉकर बंद पडले. आज अमेरिकेतल्या खास मांसासाठी पोसलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के चार कंपन्या कापतात: टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. हे किती नाजूक आहे ते २०२०च्या एप्रिल-मेमध्ये दिसलं. कामगारांत करोना पसरला, कोलोरॅडोतल्या ग्रीलीचा जेबीएसचा प्रचंड कारखाना काही काळ बंद राहिला, आणि देशातली जनावरांची कत्तल एका टप्प्यावर आदल्या वर्षाच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरली. दुकानात मांस महागलं, त्याच वेळी शेतकऱ्याच्या जनावराचा भाव पडला. लोक लॉकरकडे धावले, पण अनेक ठिकाणी वर्षभराच्या तारखा भरून गेल्या. गिऱ्हाईक तयार, गोऱ्हा तयार, कापायला हात नाहीत. थेट विक्रीचं कौतुक करणाऱ्यांनी खाटकाला विसरू नये. कुशल माणूस, थंड खोली आणि वेळेवर मिळणारी तारीख नसेल तर शेतकऱ्याची सगळी मेहनत गोठ्यातच उभी राहते.

आणि शेतकरीही कमी होताहेत. २०२२च्या कृषिगणनेत इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८ वर्षांवर गेलं. २०२५च्या जानेवारीत देशातली गुरं ८ कोटी ६७ लाखांवर आली, १९५१ नंतरची सर्वांत कमी. दुष्काळाने कुरणं करपली, चारा महागला, अनेकांनी गाभण राहतील अशा कालवडीही विकल्या. कळप पुन्हा उभा करायला वर्षं लागतात: गाय नऊ महिने गाभण, वासरू सहा-सात महिने आईजवळ, मग कुरण, शेवटी मका, कापायला तयार होईस्तोवर दीड-दोन वर्षं. एवढा काळ पैसा अडकवून बसणाऱ्या कुटुंबाला वसंतात मिळालेला विसार म्हणजे बँकेपुढे दाखवायचा आधार.

माझ्या आवडीचं काम म्हणजे लॉकरचा फॉर्म भरणं. स्टेक किती जाड, पाकिटात खिमा किती, चरबी किती टक्के, भाजायचा तुकडा केवढा, अशी त्यात ओळीने विचारणा असते. रश्श्याचा रकाना नसतो; स्ट्यूसाठी मिळतं ते बिनहाडाचं. मी समासात लिहून देते: खांद्याचं आणि पायाचं मांस हाडासकट, दीड इंचाचे तुकडे, नळ्या आडव्या कापून. पहिल्यांदा खाटकाने फोन करून खात्री करून घेतली, आता तोच आठवण करून देतो. नळ्या रात्रभर मंद आचेवर ठेवल्या की अळणी रस्सा निघतो, खांद्याच्या मांसाला कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला, काळजाला मिरपूड आणि लसूण, खिम्यात मटार. स्टेक आमच्याकडे सर्वांत शेवटी संपतात.

यंदा आमच्या गोऱ्ह्याचे इतर वाटेकरी इथलेच आहेत. त्यांना काळीज, शेपूट आणि हाडं नको आहेत, तसं त्यांनी फॉर्मवर लिहिलंय. लॉकरवाल्याला सांगून ती मी माझ्या वाट्यात घालायला लावली आहेत. फ्रीझरात जागा केली आहे.