अमेरिकन गाडी कंपन्या अडचणीत: तळेगाव बंद पडलं, रांजणगाव कसं टिकलं?

‘अमेरिकन गाड्यांचा बाजार उठला’ अशी रील महिन्यातून एकदा तरी माझ्या फीडमध्ये येतेच. खाली कमेंटमध्ये आपल्याकडचं कुणीतरी विचारतं, मग रांजणगावचं काय? प्रश्न अगदी बरोबर आहे. मी दौंडचा. आमच्याकडून चौफुला, न्हावरा करत शिरूर तालुक्यात गेलं की रांजणगाव एमआयडीसी लागते. तिथल्या फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते, आणि जीप हे अस्सल अमेरिकन नाव. दौंड-शिरूरकडची आयटीआय झालेली कितीतरी पोरं तिथल्या आणि आजूबाजूच्या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत कामाला जातात. त्यामुळे डेट्रॉइटची बातमी आपल्यासाठी लांबची नाही.

आधी अमेरिकेतलं पटकन सांगतो. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या दोघांनी महिन्याभराच्या अंतराने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी पैशावर दोघी वाचल्या. क्रायस्लर, म्हणजे पर्यायाने जीप, इटलीच्या फियाटकडे गेली आणि २०२१ मध्ये हे सगळं स्टेलँटिस नावाच्या मोठ्या कंपनीत मिसळलं. तेव्हापासून या कंपन्या कमावतात ते मुख्यतः मोठे पिकअप ट्रक आणि एसयूव्ही विकून. बाहेरून आलेल्या पिकअपवर अमेरिका १९६४ पासून २५ टक्के कर लावते, म्हणजे घरच्या मैदानात स्पर्धाच कमी. पण नवीन काही करायला गेलं की दम लागतो. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला, २०२४ मध्ये ५ अब्जांच्या पुढे. स्टेलँटिसचा नफा २०२४ मध्ये एका वर्षात ७० टक्क्यांनी घसरला आणि त्यांच्या सीईओंनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला.

आता आपल्याकडे या. पुणे जिल्ह्यातच दोन कारखाने आहेत, आणि दोघांची गोष्ट उलटी आहे.

पहिला तळेगावचा. जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केला, शेवरले बीट तिथलीच. २०१७ च्या शेवटी कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि तळेगावात फक्त एक्स्पोर्टचं काम ठेवलं. डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं होतं, पण गलवाननंतर चिनी गुंतवणुकीला परवानगी मिळेना आणि २०२२ मध्ये तो व्यवहार मोडला. मधल्या काळात सुमारे चौदाशे कामगार कोर्टात भांडत बसले. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडायला लागल्या. म्हणजे शेड तीच, गेट तेच, मधली वर्षं मात्र कामगाराच्या घरातली गेली.

दुसरा रांजणगावचा. खरं सांगायचं तर इथे तळेगावपेक्षा लवकर टाळं लागायला हवं होतं. फियाटच्या पुंटो, लिनिया या गाड्या कधीच धड खपल्या नाहीत, आणि २०१९ पर्यंत भारतातून फियाटचं नावच गेलं. जीप कंपास सुरुवातीला १४.९५ लाखांपासून आली, चर्चाही भरपूर झाली, पण आज भारतात जीपच्या सगळ्या मॉडेल मिळून महिन्याला काही शेकड्यांतच गाड्या जातात. एवढ्यावर एवढा मोठा कारखाना चालेल?

नाही चालणार. हिशोब सोपा आहे. समजा एका कारखान्याचा वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे मशिनरी, वीज, कर्जाचं व्याज, पगार, ५०० कोटी आहे. वर्षाला एक लाख गाड्या काढल्या तर प्रत्येक गाडीवर ५० हजारांचा बोजा. दहाच हजार काढल्या तर तोच बोजा ५ लाखांचा. गाडी कितीही भारी असू द्या, १५ लाखांच्या गाडीत हे ५ लाख कुठून काढणार?

रांजणगाव टिकलं कारण २००७ मध्ये फियाटने टाटाशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. त्यामुळे त्याच आवारात टाटाची नेक्सॉन बनते, आणि ती बऱ्याच महिन्यांत दहा हजारांच्या पुढे खपते. फोनचं उदाहरण घ्या. एकाच फॅक्टरीत दोन-तीन ब्रँडचे फोन जोडले जातात हे तुम्हाला माहीत आहे. एक ब्रँड आपटला तरी लाईन चालू राहते. तळेगावात फक्त शेवरले होती, म्हणून ब्रँडबरोबर लाईनही गेली.

यातली सगळ्यात गमतीशीर गोष्ट फोर्डची. चार मीटरच्या आतल्या गाडीला आपल्याकडे कर कमी लागतो, आणि त्या मापात बसणारी एसयूव्ही लोकांना पसंत पडते हे २०१३ मध्ये इकोस्पोर्टने दाखवलं. मग मारुतीची ब्रेझा आली, २०१७ मध्ये नेक्सॉन आली, पुढे ह्युंदाईची व्हेन्यू. फोर्डने मात्र इकोस्पोर्टच्या जागी नव्या पिढीची एसयूव्ही काही आणली नाही. मोठ्या पिकअपवर कमावायची सवय लागलेल्या कंपनीला आठ-दहा लाखांच्या गाडीत डोकं घालायला वेळ नसतो, हे माझं मत. दहा वर्षांत २ अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसून सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गुजरातमधला साणंदचा कारखाना टाटाने सुमारे ७२६ कोटींना घेतला, आणि आज तिथेही नेक्सॉन बनते!

ही शेवटची ओळ आपल्याकडच्या पोरांनी नीट वाचावी. रांजणगावचा खरा आधार नेक्सॉन आहे, आणि तीच गाडी आता टाटाच्या स्वतःच्या साणंदमध्येही निघते. भागीदारीतल्या कारखान्यात किती बनवायच्या आणि स्वतःच्या कारखान्यात किती, हे टाटा ठरवणार. उद्या बंद होईल असं मी म्हणत नाही. पण अप्रेंटिस किंवा कंत्राटी म्हणून जाताना गेटवरचा लोगो बघून खूश होऊ नका. इथे कोणती मॉडेल बनतात, ती अजून कुठे बनतात, पुढचं मॉडेल कुठे देणार आहेत, हे विचारा. मॉडेलवार विक्रीचे आकडे दर महिन्याच्या सुरुवातीला ऑटो वेबसाईटवर फुकट मिळतात, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सेकंड हँड अ‍ॅपवर स्वस्तात दिसणाऱ्या फोर्ड, शेवरलेबद्दल बरेच जण विचारतात. फोर्डने सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवले आहेत. तरी व्यवहाराआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलचा क्लच आणि हेडलाईट किती दिवसांत मिळेल ते विचारा. गाडीला मोबाईल अ‍ॅप असेल तर जुन्या मालकासमोरच ते तुमच्या नंबरवर चालू करून बघा. नाही झालं, तर तेवढे पैसे कमी करून मागा.